हसण्याच्या आड

रडणाऱ्या माणसाला आपण ‘का रडतोस?’ म्हणून विचारतो. हसणाऱ्याला तसे कोणी विचारीत नाही. आणि विचारलेच, तर त्या प्रश्नात जिज्ञासेपेक्षा राग अधिक असतो. याचा अर्थ असा की, रडण्यामागे काहीतरी असते आणि हसण्यामागे आनंदावाचून दुसरे काही नसते, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. आजच्या विषयाची सुरुवात या गृहीतावर शंका घेण्यापासून करावयाची आहे. हसणे हा जर केवळ आनंदाचा उद्गार असेल, तर नापास झालेला मुलगा घरी निकाल सांगताना ओशाळवाणे का हसतो? भर बाजारात घसरून पडलेला मनुष्य अंगावरचा चिखल झटकीत सर्वांच्या आधी आपणच का हसतो? मयताच्या घरी जमलेली मंडळी रात्र चढू लागली म्हणजे गेलेल्या माणसाच्या गमती सांगून हळूच का हसू लागतात? या तिघांपैकी एकालाही आनंद झालेला नाही. तरी तिघेही हसतात, आणि खोटे हसतात असेही आपल्याला म्हणता येत नाही.

मराठी भाषेला ही गोष्ट फार पूर्वीच उमगलेली दिसते. हसण्यासाठी तिने एकच शब्द ठेवला नाही. थट्टा वेगळी आणि टिंगल वेगळी. चेष्टा सहन होते, कुचेष्टा होत नाही. मूल खिदळते, टवाळ मनुष्य फिदीफिदी हसतो. सभेत ‘हशा पिकतो’ तेव्हा बोलणारा सुखावतो. त्याच सभेत त्याचे ‘हसे होते’ तेव्हा तो आयुष्यभर ती सभा विसरत नाही. तोंडातून निघणारा आवाज दोन्ही वेळी जवळजवळ सारखाच असतो. फरक आहे तो त्या आवाजामागच्या भावनेत, आणि ती भावना कोणती हे शोधणे हाच आपला आजचा उद्योग आहे.

शास्त्रकारांनी या प्रश्नाचा पुष्कळ विचार केलेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्य हा स्वतंत्र रस मानला असून त्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा भेद केले आहेत. त्यांतील पहिले दोन उत्तम, मधले दोन मध्यम आणि शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या पात्रांचे, अशी त्याने वाटणी केली. मनुष्य किती मोठ्याने हसतो यावरून त्याची पायरी ठरवावयाची, हे आज आपल्याला पटणार नाही. परंतु त्याच ग्रंथातील दुसरी एक सूचना मोठी मार्मिक आहे. हास्य शृंगारापासून उत्पन्न होते, असे भरत म्हणतो. म्हणजे हास्याचा उगम हास्याबाहेर, दुसऱ्याच एका भावनेत असू शकतो, हे त्याने मान्य केले आहे.

पश्चिमेकडे सतराव्या शतकात हॉब्जने सांगितले की, दुसऱ्याची उणीव दिसताच स्वतःची थोरवी एकाएकी जाणवते आणि मनुष्य हसतो. कांटने १७९० मध्ये म्हटले की, ताणून धरलेली अपेक्षा अचानक शून्यात विरली म्हणजे हसू येते. बर्गसाँने १९०० मध्ये असे मत मांडले की, हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते. ज्याची कीव येते त्याला आपण हसू शकत नाही. फ्रॉइडने १९०५ मध्ये विनोदाचा संबंध मनात दडपून ठेवलेल्या इच्छांशी आणि रागाशी जोडला. या चौघांत कोण बरोबर, असा वाद घालीत बसण्यात अर्थ नाही. प्रत्येकाने एकेका प्रकारचे हसणे पाहिले आणि त्याचाच नियम केला, एवढेच म्हणता येईल.

अलीकडच्या काळात अमेरिकेतील रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाने वेगळा मार्ग धरला. त्याने सिद्धान्त बाजूला ठेवून बाजारात, रस्त्यावर, उपाहारगृहांत लोक केव्हा हसतात याची नोंद करविली. अशा सुमारे १,२०० प्रसंगांत त्याला आढळले की, विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतर आलेले हसणे शेकडा २० सुद्धा भरत नाही. बाकीचे हसणे ‘बरं, येतो मग’, ‘तू होतास कुठे?’ अशा साध्यासुध्या वाक्यांनंतर येते; आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच अधिक हसतो. एकटा असताना मनुष्य जितका हसतो त्याच्या सुमारे तीसपट तो चारचौघांत हसतो, असेही त्याला दिसून आले. तेव्हा हसणे ही प्रथम विनोदाला दिलेली दाद नसून माणसाने माणसाला केलेली खूण आहे. खूण म्हटली की प्रश्न येतो, कशाची? याचे उत्तर शोधण्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. एकेकाळचा आपला चांदा जिल्हा, ज्यातून १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला, तो या अभ्यासाला पुरेसा आहे.

प्रथम नात्यांतील थट्टा घ्या. आपल्याकडे दिराने भावजयीची थट्टा करावी, मेहुणीने भाटव्याची फजिती करावी, लग्नात विहिणीविहिणींनी गाण्यांतून एकमेकींचे उणेदुणे काढावे, ही रीतच आहे. उलट भासऱ्यापुढे सून पदर सावरून उभी राहते. तेथे थट्टेचा विचारही पाप. गोंड समाजातही नात्यांची अशीच वाटणी आहे. काही नाती थट्टेची, काही नाती आडपडद्याची. रॅडक्लिफ-ब्राउन या मानवशास्त्रज्ञाने १९४० साली जगभरातील अशा थट्टेच्या नात्यांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. जेथे दोन माणसांना जवळ राहणे भाग आहे, परंतु त्यांचे हितसंबंध पूर्णपणे एक नाहीत, तेथे समाज दोनच तोडगे काढतो, असे त्याचे म्हणणे. एक तर दोघांत अंतर ठेवावयाचे, नाही तर दोघांना थट्टेची मुभा द्यावयाची. दोन्ही उपायांचा हेतू भांडण टाळणे हाच.

दीर-भावजयीच्या थट्टेत याहूनही खोल असे काही आहे. गोंडांत, तशीच इतरही अनेक जातींत, थोरला भाऊ वारल्यास त्याच्या विधवेने धाकट्या दिराशी घरोबा करण्याची चाल होती. थोरल्या भावाने धाकट्याच्या विधवेशी तसे करणे मात्र निषिद्ध. म्हणजे ज्या नात्यात उद्या विवाह संभवतो तेथे थट्टा, आणि जेथे तो कधीच संभवत नाही तेथे पडदा. ही जुनी व्यवस्था ध्यानात घेतली म्हणजे अंगणातील त्या हसण्याखिदळण्याचा अर्थ बदलतो. त्यात आकर्षण आहे, संकोच आहे. आणि ज्याच्या मरणाने ते नाते बदलावयाचे तो थोरला भाऊ तेथेच ओसरीवर बसलेला आहे. जे उघड बोलणे अभद्र, ते हसण्याच्या पदराआड ठेवलेले असते. भरताने हास्याचा उगम शृंगारात पाहिला तो अगदीच निराधार नव्हता.

दुसरी भावना भीतीची. मोहफुलांच्या दिवसांत आपल्या जंगलपट्टीतील बायामाणसे पहाटे टोपल्या घेऊन निघतात. पुढे मे महिन्यात तेंदूपाने तोडण्याचे काम येते. याच जंगलात वाघ आहे. वाकून फुले वेचणाऱ्या माणसावर त्याने झडप घातल्याच्या घटना आपल्याला परक्या नाहीत. अशा टोळीतील एखादी बाई झुडूप हलताच किंचाळते, सगळ्या थबकतात, आणि झुडुपातून कोणाचे तरी वासरू बाहेर येते. यानंतर जो हशा उसळतो त्याच्याइतका मोकळा हशा नाटकगृहातही ऐकू येत नाही. कांटची ताणलेली अपेक्षा शून्यात विरते ती अशी. डॉ. रामचंद्रन या मेंदूशास्त्रज्ञांनी १९९८ साली असे सुचविले की, माणसाच्या हसण्याचा मूळ उपयोग हाच असावा: ‘धोका वाटला होता तो खोटा होता, आता स्वस्थ व्हा’ अशी सोबत्यांना दिलेली वर्दी. हे अनुमान सर्वांनी स्वीकारलेले नाही. पण आपल्या मोह वेचणाऱ्या बायांना ते समजावून सांगावे लागणार नाही. त्यांचे ते हसणे म्हणजे भीतीच. मात्र सुटका झालेली भीती.

आपल्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. नागपूरची काळी आणि पिवळी मारबत एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. तिच्याबरोबर पुढाऱ्यांची आणि सामाजिक दुर्गुणांची विडंबने करणारे बडगे निघतात. रोगराईला आणि इडापिडेला बरोबर घेऊन जाण्याची आरोळी देत, नाचत-हसत ती गावाबाहेर नेतात. पावसाळा म्हणजे पटकीचा आणि हिवतापाचा काळ होता, हे आठवले म्हणजे त्या हसण्याच्या तळाशी काय होते ते कळते. जिला नावाने हाक मारावयाचीही भीती, तिचे ओबडधोबड बाहुले करून तिची मिरवणूक काढली की ती थोडी लहान होते.

आणि पोळ्याच्याच दिवशी बैलांच्या तोरणाखाली झडत्या म्हटल्या जातात. मालगुजारी १९५१ साली गेली. तिच्या अमलात वर्षभर मालगुजारापुढे मान वर न करणारा कुणबी त्या एका संध्याकाळी झडतीतून त्याच्या कंजूषपणावर सर्वांदेखत शेरा मारू शके, आणि मालगुजाराला तो हसून ऐकून घ्यावा लागे. ही तिसरी भावना, रागाची. हसण्याच्या रूपाने व्यक्त झालेला राग शिक्षेला पात्र होत नाही, ही दुर्बळांना सापडलेली फार जुनी सोय आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुदाम्याच्या तोंडून रूढींची जी थट्टा केली, तिच्यामागेही सुधारकाची चीडच होती. मात्र या सोयीला एक मर्यादा आहे, ती विसरू नये. झडती म्हणून झाली की कुणबी पुन्हा मान खाली घालीत असे. हसून राग निवळतो. रागाचे कारण तसेच राहते.

आता दुःखाकडे येऊ; आणि त्यासाठी आपल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीसारखा दुसरा दाखला नाही. धान घरात आले, दिवाळी झाली, की गावोगाव मंडप पडू लागतात. वडशाच्या मंडळींना तारखा दिल्या जातात. शंकरपटाच्या निमित्ताने लेकीबाळी, जावई-सोयरे गावी येतात. थंडीत घोंगड्या पांघरून हजारो माणसे रात्रभर नाटक पाहतात आणि तांबडे फुटल्यावर घरी जातात. दंडार आणि खडी गंमत यांची परंपरा पचवून उभ्या राहिलेल्या या रंगभूमीचे नाटक बहुधा कौटुंबिक आणि करुण असते. कर्ज, दारू, सवत, सासुरवास, हुंडा हे त्याचे विषय. परंतु विनोदी पात्र नसलेले नाटक येथे उभे राहत नाही. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरील कामासाठी. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे भूमिका त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. आणि लोक त्यांना ओळखतात ते प्रामुख्याने हसविणारा नट म्हणून.

एखादा शहरी टीकाकार म्हणेल की, करुण नाटकात हा विनोद म्हणजे ठिगळ आहे. मला तसे वाटत नाही. कर्जापायी बैल विकणाऱ्या शेतकऱ्याचा प्रवेश ज्यांच्यापुढे होतो, त्यांच्यापैकी कित्येकांनी तो प्रवेश आपल्या गोठ्यात पाहिलेला असतो. ते दुःख सहा तास सलग पाहणे त्यांना शक्य नाही. आणि त्याच्याकडे पाठ फिरवून नुसते खिदळणेही त्यांना पटत नाही. म्हणून विनोदी पात्र येते, तेच कर्ज आणि तीच दारू घेऊन येते, आणि प्रेक्षक स्वतःच्याच हालांना हसून पुढच्या प्रवेशातील रडण्याला तयार होतो. गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’मध्ये तळीरामाकडून हेच करविले. ते नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले, त्याच्या थोडेच आधी गडकरी आपल्या विदर्भातच, सावनेरला, वारले होते. तळीरामाच्या मद्यपी मंडळाला आपण पोट धरून हसतो, आणि ज्या दारूला हसलो त्याच दारूने सिंधूचे घर बुडताना पाहतो. येथे बर्गसाँचे म्हणणे अपुरे पडते. हृदय बधिर झाले म्हणून आपण हसलो, असे नाही. ते भरून आले होते, त्याला क्षणभर विसावा हवा होता, म्हणून हसलो.

येथवर जे हसणे पाहिले ते माणसांना जोडणारे, निदान त्यांचा भार हलका करणारे. पण एक हसणे असे आहे की जे माणसाला मोडते, आणि त्याचा अनुभव आपल्या भागाला पुष्कळ आहे. ‘झाडपी’ हा शब्द आपण सर्वांनी ऐकलेला आहे. झाडीत राहणारा तो झाडपी, असा त्याचा साधा अर्थ. पण तो उच्चारला जातो हसून, आणि त्या हसण्यात हॉब्जची सारी थोरवी उतरलेली असते. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. एवढ्या भांडवलावर वर्गातला मुलगा ‘पानी’ म्हणाला की बाकीचे हसतात, आणि मास्तरही हसले की संपलेच. तो मुलगा त्या दिवसापासून बोलीच बदलतो असे नाही. कित्येकदा तो बोलणेच सोडतो. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाची तर याहून कठीण अवस्था.

गंमत अशी की, आपल्या रंगभूमीवरही पुष्कळदा नायक-नायिका शिष्ट मराठीत बोलतात आणि झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या वाट्याला. प्रेक्षक तिला भरभरून हसतात. हे हसणे कोणते? आपली घरची भाषा भर मंडपात ऐकू आल्याचा आनंद त्यात आहे. आणि दुःख, प्रेम, मोठेपणा या गोष्टी या भाषेत शोभत नाहीत, ही शिकविलेली लाजही त्यात आहे. दोन्ही भावना एकाच हशात मिसळलेल्या आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला प्रतिष्ठा मिळवून दिली, ती या दुसऱ्या भावनेवरचा उतारा आहे. ज्या दिवशी झाडीबोलीत बोलणारी नायिका रडेल आणि मंडप तिच्याबरोबर रडेल, त्या दिवशी विनोदी पात्राच्या बोलीला आलेले हसूही निर्मळ होईल.

लाजेच्या हसण्याची आणखी एक बाजू आहे, आणि ती या जिल्ह्यांत नोकरीला येणाऱ्या डॉक्टर, शिक्षक, अधिकारी मंडळींनी मुद्दाम जाणून घ्यावी. दवाखान्यात बाईला ‘काय त्रास होतो?’ म्हणून विचारले, की ती सोबतिणीकडे पाहून तोंडाला पदर लावते आणि हसते. डॉक्टरला वाटते, काही विशेष नसावे. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत त्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. त्यांपैकी शेकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ च होत्या. हा अभ्यास हसण्याविषयी नाही. पण लाजेच्या पदराआड किती दुखणे न बोलता राहू शकते, याचा तो पुरावा आहे. त्या पदराआडचे हसू ‘काही नाही’ असे सांगत नाही. ‘येथे, या लोकांसमोर, मला सांगता येत नाही’ असे ते सांगत असते.

कचेरीतही हेच घडते. साहेब रागावतात आणि समोरचा आदिवासी मनुष्य खाली पाहून मंद हसतो. साहेबांना तो उर्मट वाटतो, किंवा ‘हसला म्हणजे कबूल झाला’ असे ते धरून चालतात. दोन्ही अर्थ चुकीचे असू शकतात. समोरच्याचा राग शमावा म्हणून केलेली ती विनवणी असते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने निर्णय बहुमताने न करता सर्वांच्या संमतीने करण्याची पद्धत पाडली. त्याच गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. ज्यांना खरी संमती हवी असते त्यांना गप्प बसलेल्याला आणि नुसत्या हसलेल्याला पुन्हा विचारावे लागते. या खटाटोपाला वेळ लागतो. पण त्याशिवाय हसण्याचा अर्थ कळत नाही.

तेव्हा एखादे हसणे कोणत्या जातीचे हे ओळखावे कसे? मला तीन साधे प्रश्न उपयोगी वाटतात. पहिला, ज्याला हसले त्याला उलट हसण्याची मोकळीक आहे काय? मेहुणीने भाटव्याला चिडविले तर भाटवा उत्तर देऊ शकतो. वर्गातला मुलगा मास्तरांना देऊ शकत नाही. दुसरा, ज्याला हसले तो स्वतः त्या हसण्यात सामील आहे काय, आणि असला तर मनापासून की नाइलाजाने? डुशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ साली दाखविले होते की, मनापासूनच्या हसण्यात ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, आणि हा स्नायू सहसा इच्छेच्या हुकमतीत नसतो. म्हणून ओठांपेक्षा डोळ्यांकडे पाहावे. तिसरा प्रश्न, हसणे थांबल्यावर मागे काय उरते? ज्या हसण्यानंतर माणसे एकमेकांच्या जवळ सरकतात ते एक; आणि ज्यानंतर त्यांपैकी एक जण हळूच उठून जातो ते दुसरे.

वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ साली कुष्ठरोग्यांसाठी जी वसाहत उभारली, तिचे नाव त्यांनी आनंदवन ठेवले. ज्यांच्याकडे पाहून जग तोंड फिरवीत होते त्यांच्या वस्तीला हे नाव देणे, हे त्या काळी अनेकांना विचित्रच वाटले असेल. पु. ल. देशपांड्यांसारखा महाराष्ट्राला हसविणारा लेखक या वसाहतीशी स्नेहाने जोडला गेला, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. विनोदी लेखकाला दुसऱ्याची वेदना दिसत नसेल तर त्याचा विनोद टवाळीच्या पलीकडे जात नाही. आणि वेदना सोसलेल्या माणसाला हसता येत नसेल, तर आपण त्याची नुसती कीव करीत राहतो, त्याच्याशी मैत्री करीत नाही. कीव वरून खाली येते. हसणे बरोबरीच्यांत होते.

म्हणून, श्रोतेहो, हसू नका किंवा जपून हसा असे सांगण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. आपल्या भागातील माणसांनी मोहाच्या झाडाखाली, तोरणाखाली, मंडपात मोकळेपणाने हसावे. तेवढे त्यांचे हक्काचे आहे. मागणे आहे ते ऐकणाऱ्याकडे. समोरचा मनुष्य हसला म्हणजे त्याचे सांगणे संपले असे समजू नका. थोडे थांबा आणि रडणाऱ्याला जो प्रश्न आपुलकीने विचारता, तोच त्यालाही विचारा. उत्तर लगेच येईलच असे नाही. परंतु विचारणारा कोणी आहे, हे त्याला कळेल.